प्रायॉनच्या आकाराबद्दल थोडी भर

प्रायॉन म्हणजे चुकीची घडी पडलेलं, संसर्गजन्य प्रथिन. प्रश्न असा पडतो की अमिनो आम्लांचा क्रम तोच असताना एक प्रथिन निरुपद्रवी आणि दुसरं जीवघेणं कसं, तर सगळा खेळ घडीचा आहे. मेंदूतलं नॉर्मल पीआरपी (प्रायॉन प्रथिन) घ्या, त्यात तीन अल्फा हेलिक्स (स्प्रिंगसारखी वळणं) आणि बीटा शीट (शेजारी-शेजारी बसलेल्या सपाट पट्ट्या) अगदी नावापुरती, पण संसर्गजन्य रूपात ते हेलिक्स उरतच नाहीत, साखळी उलगडून बीटा शीटमध्ये चपटी बसते. २०२१ साली हॅमस्टरमधल्या २६३के स्ट्रेनची (प्रायॉनच्या एका प्रकाराची) क्रायो-ईएम रचना, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढलेली रचना, आली ना, त्यात हे स्पष्ट दिसलं, एक रेणू म्हणजे एक थर, पोळ्यांच्या चवडीसारखे एकावर एक रचून लांब तंतू बनतो, आणि दोन थरांत अंतर जेमतेम ०.४८ नॅनोमीटर! त्याआधी बरेच जण चार वेटोळ्यांचं बीटा सोलेनॉइड मॉडेल (एकच रेणू गुंडाळीसारखा चार थरांत बसतो असं) मानायचे, ते मागे पडलं. मला सगळ्यात भारी वाटतं ते तंतूचं टोक, तिथे नवीन रेणू आला की खालच्या थराबरहुकूम तशीच घडी घालतो, म्हणून तर डीएनए-आरएनए नसतानाही स्ट्रेन टिकून राहतो. आणि हो, रचना इतकी घट्ट की प्रोटीनेज के (प्रथिनं कापणारं एन्झाइम) सुद्धा गाभा कापू शकत नाही, नेहमीच्या ऑटोक्लेव्हलाही (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रालाही) प्रायॉन पुरून उरतो, त्यामुळे प्रायॉन असलेलं मांस "नीट शिजवलं की झालं" हा सल्ला कृपया कुणी मनावर घेऊ नका.