बल्कच्या नावाखाली वाट्टेल ते खा? नाही पटलं

बारबेल_बाबूराव
तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा. ज्यांनी कालची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी: एका भाऊंनी लिहिलंय की बल्क करायचा, म्हणजे अंग भरायचं, तर "पोट नको म्हणेपर्यंत खा, मग अजून दोन पोळ्या खा". रोज ४००० कॅलरी, जेवणावर मोठे चार चमचे तूप, झोपताना लिटरभर म्हशीचं दूध, आणि "चरबीचं नंतर बघू". खाली बदामांचा (हार्ट इमोजींचा) पाऊस.

नंतर कोण बघणार? तुम्ही येणार का त्या पोराचं पोट उतरवायला?

७० किलोचा मुलगा घ्या. दिवसभर खुर्चीत, आठवड्यातून चार दिवस जिम. आहे ते वजन टिकवायला त्याला साधारण २४०० ते २५०० कॅलरी लागतात. त्यावर ३०० द्या, फार तर ४००. नवख्याच्या अंगावर महिन्याला किलोभर स्नायू चढला तरी देव पावला म्हणायचं, आणि तीन-चार वर्षं उचलणाऱ्याला त्याच्या निम्माही चढत नाही. रोज १५०० कॅलरी जादा घातल्या म्हणून दंड दुप्पट वेगाने फुगत नाहीत. उरलेलं कुठे जातं ते शर्टाचं तिसरं बटण सांगतं.

बरं, त्या यादीत आहे काय? चार चमचे तुपात ५०० च्या वर कॅलरी, प्रोटीन शून्य. लिटरभर म्हशीच्या दुधात हजारेक कॅलरी आणि ६५-७० ग्रॅम फॅट. लागतं ते प्रोटीन: किलोमागे १.६ ग्रॅम, ओढूनताणून २. म्हणजे ७० किलोला ११२ ग्रॅम. एवढ्या लांबलचक पोस्टीत हा आकडा एकदाही नाही!

रोज सकाळी वजन करा, आठवड्याची सरासरी काढा. आठवड्याला पाव किलो वाढलं की बस्स. जास्त वाढत असेल तर ती मसल नाही, भाऊ.

तांबडी_माती
आले कॅल्क्युलेटर घेऊन. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याबी तालमीत जा आणि काट्यावर डाळ मोजणारा एक पैलवान दाखव मला. पहाटे चारला उठायचं, जोर-बैठका मारायच्या, मग मातीत लढत, मग बदाम घोटून थंडाई. वस्ताद समोर उभा असायचा, भांडं रिकामं झाल्याशिवाय हलायचा नाही. माझ्या चुलत्याचा खुराक बघितला असतास तर तुझं २८०० चं गणित तिथंच फाटलं असतं. दोन-अडीच लिटर दूध, वर बदाम, तूप, रविवारी मटण आणि वाडगं भरून पांढरा रस्सा. दारातनं आत यायला आडवं व्हावं लागायचं गड्याला. तुम्ही एक तास आरशासमोर हात वरखाली करणार आणि आम्हाला शिकवणार व्हय?

बारबेल_बाबूराव
पहाटे चारला उठून, सकाळ-संध्याकाळ मिळून चार-पाच तास मेहनत करणाऱ्याला ४००० पण कमी पडतील. त्याच्याशी माझा वादच नाही. माझा वाद हिंजवडीत नऊ तास बसून तासभर वेट्स मारणाऱ्याशी आहे. त्या तासाभरात ३०० च्या आसपास कॅलरी जातात. जिमबाहेरच्या एका वडापावात त्या परत येतात.

आणि पैलवानांचंच काढलंत म्हणून. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला ५२ किलोत लढले, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोत ब्राँझ. चार वर्षांत एक गट वर. वजनगटात लढणाऱ्याला "चरबीचं नंतर बघू" परवडत नाही. तुमचे चुलते आता कसे आहेत?

तांबडी_माती
चुलत्याला मधी आणायचं काम नाही.

बारबेल_बाबूराव
मी कुठे आणलं? तुम्हीच आणलंत की.

हाडकुळा_सोलापूरकर
तुम्हा दोघांना बोलायला काय जातंय. मी ५३ किलो, उंची पाच फूट दहा. पाहुणे आले की पहिला प्रश्न, "आजारी होता का?" आई जंताचं औषध देऊन थकली. बाबूराव म्हणतात ३०० जादा, मी हजार जादा खातो, काटा ढिम्म हलत नाही. माझ्यासारख्याला ती कालचीच पोस्ट बरोबर आहे. मोजत बसलो तर वाऱ्याने उडून जाईन.

डेडलिफ्ट_ताई
हजार जादा म्हणजे कशाच्या जादा? काल काय खाल्लं ते लिहा. नेहमी काय खाता ते नको, काल जे पोटात गेलं तेवढंच.

हाडकुळा_सोलापूरकर
सकाळी चहा-खारी. दुपारी मेसचं ताट, तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात. संध्याकाळी भडंग, चहा. रात्री दोन पोळ्या, वरणभात. रविवारी मात्र मित्रांबरोबर चिकन-बिर्याणी, तेव्हा कुणी धरू शकत नाही मला.

डेडलिफ्ट_ताई
हे १८००-१९०० झालं, आणि प्रोटीन ५० ला टेकलं तर टेकलं. रविवारी तुम्ही दोन माणसांचं खाता आणि लक्षात फक्त रविवार राहतो. यातच तीन अंडी, अर्धा लिटर दूध आणि मूठभर शेंगदाणे वाढवा. ७०० कॅलरी होतात. महिनाभर तरी रोज, मग बोला. बाबूराव, तुमच्याही पोस्टीत हे हवं होतं. इथले निम्मे बारके पोरगे कमीच खातात, आणि "जास्त खाऊ नका" एवढंच वाचून पळतात.

बारबेल_बाबूराव
मी "जास्त खाऊ नका" कुठे म्हटलंय? ३०० जास्त खा म्हटलंय. पण ठीक आहे, बारक्यांसाठी वेगळी ओळ टाकायला हवी होती. झालं समाधान?

पेठेतला_जिमकर
ताई, ५० कसलं धरताय! मेसच्या आमटीला प्रोटीन धरूच नका. कच्च्या तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन. मेसच्या वाटीत डाळ येते जेमतेम १५ ग्रॅम. म्हणजे तीन ग्रॅम प्रोटीन, बाकी पाणी, गूळ आणि आमसूल. आणि लोक ॲपमध्ये "डाळ १०० ग्रॅम" टाकतात, ॲप कच्च्या डाळीचा आकडा देतं, आणि हे दिवसभर खूश.

वऱ्हाडी_ठोंब्या
गूळ? वरणात गूळ? मंग काऊन अंग भरन बे तुमचं. अमरावतीले या, वरण असं राह्यते का चमचा उभा ठेवा त्याच्यात.

पेठेतला_जिमकर
आमटी आणि वरण यातला फरक आधी समजून घ्या. आमटीत गूळ असतोच. आणि ते तुमचं घट्ट वरण मोजताना तरी कच्चं मोजता का शिजल्यावर?

वऱ्हाडी_ठोंब्या
शिजल्यावर. शिजवूनच खातो ना, कच्ची थोडीच खातो.

पेठेतला_जिमकर
इथेच घोळ आहे! शिजली की डाळ पाणी पिऊन तिप्पट होते. त्याच शंभर ग्रॅमला मग सात-आठ ग्रॅम प्रोटीन. चिकनचं उलटं, शिजताना पाणी जातं आणि शंभर ग्रॅममागचा आकडा वाढतो. कच्चं २३, शिजलेलं ३०-३१. कच्चंच मोजायचं, कुकर लावायच्या आधी. याला दुसरा मार्ग नाही.

तांबडी_माती
कुकरात सगळ्या घराची डाळ एकत्र पडती भावा. तुझ्या वाटणीची २० ग्रॅम डाळ कापडात बांधून सोडायची का आत?

वऱ्हाडी_ठोंब्या
सुतळीनं बांधा, वर नाव लिहा.

पेठेतला_जिमकर
हसा. सहा महिने वजन का वाढलं नाही हे विचारायला इथेच याल. साधं आहे: किती माणसांचं आहे त्याने भागा. चौथीच्या पोराला येतं हे.

डेडलिफ्ट_ताई
अहो, पण घरात चौघं सारखं वाढून घेतात का? आमच्याकडे वरण आधी सासरे, मग नवरा, मग मुलं. मला शेवटी तळाचं मिळायचं. मी १५ ग्रॅमच्या हिशेबात बसतच नव्हते. आता स्वतःची वाटी आधी बाजूला काढते, तर "बाईमाणसाला कशाला एवढं" ऐकावं लागतं. स्क्वाटला ७० किलो घेते मी. ते काय उपासाच्या भगरीवर होतं?

बल्कवाल्याची_बायको
हे वाचून राहवलं नाही म्हणून पहिल्यांदाच लिहितेय. नवरा बल्कवर आहे म्हणजे मी बल्कवर आहे, ओट्यासमोर. "दिवसातून सहा वेळा खा" कुणीतरी लिहितं आणि सहा वेळा भांडी मी घासते. सोया चंक्स उकळा, गार करा, मुठीत धरून पिळा, त्याचा तो वास. आठ अंडी उकडायची, हे महाशय पांढरं खाणार. पिवळे बलक वाटीत, फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कडा वाळून कडक झालेल्या असतात आणि टाकवत नाहीत म्हणून त्यांची भुर्जी मी खाते. माझं वजन वाढलं चार किलो. त्यांचं दीड.

बारबेल_बाबूराव
वहिनी, सहा वेळेला काही अर्थ नाही. दिवसाची बेरीज भरली की तीन-चार वेळेत भागतं. आणि त्यांना सांगा, बलक खा. अख्ख्या अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन, त्यातलं अडीच-पावणेतीन बलकात असतं. आठचं पांढरं खाण्याऐवजी पाच अख्खी खाल्ली तरी तेवढंच पडतं.

बल्कवाल्याची_बायको
तुमचं नाव सांगून सांगते. माझं ऐकत नाहीत.

सरकारी_आकडा
राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत बॉडी बनवायला प्रोटीन पावडरी टाळा असं साफ लिहिलंय. रोजची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम. मग हे १.६ तुम्ही कोणाच्या दुकानातून आणलं?

बारबेल_बाबूराव
पावडर हा शब्द माझ्या पोस्टीत दाखवा. ०.८३ हे सर्वसाधारण निरोगी माणसासाठी, वजन उचलून अंग वाढवणाऱ्यासाठी नाही. १.६ च्या पुढे घेऊन फायदा वाढत नाही, हे तुमच्या त्याच पुस्तिकेत आहे. आणि शाकाहारी माणसाचंही पावडरच्या डब्याशिवाय जमतं: अर्धा लिटर दूध १६, पनीर १०० ग्रॅम १८, कोरडे सोया चंक्स ५० ग्रॅम २६, दोन वाट्या घट्ट वरण १३, चार पोळ्या १४, वाटीभर दही ७, शेंगदाणे ३० ग्रॅम ७. शंभर झाले, भात-उसळ धरलीच नाही अजून.

पेठेतला_जिमकर
सोया कच्चे मोजलेत ना?

बारबेल_बाबूराव
"कोरडे" लिहिलंय!!

सरकारी_आकडा
बरं, १.६ राहू द्या. पण आमच्या जिममधला ट्रेनर नवीन पोराला आधी डबा विकतो, मग डंबेल दाखवतो. त्याला कमिशन आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यावर कोणी धागा काढत नाही.

डेडलिफ्ट_ताई
तुम्ही काढा. कोणी अडवलंय?

तांबडी_माती
दोन दिवस गप वाचत होतो. चुलत्याचं विचारत होतास ना बाबूराव, तर ऐक. गुडघा गेला, कुस्ती सुटली, दूध-तूप सुटलं नाही. शुगर हाय आता, सकाळ-संध्याकाळ सुई. झाला आनंद? मेहनत नसताना खुराक नको, हे तुझं खरं. पण मेहनत करणाऱ्याला काटा दाखवशील तर गाठ माझ्याशी हाय.

बारबेल_बाबूराव
मेहनतवाल्याला ४००० कमी पडतील हे मी पहिल्याच उत्तरात लिहिलंय. वर जाऊन वाचा.

तांबडी_माती
वाचलंय. म्हणून तर कमी शिव्या घातल्या.

हाडकुळा_सोलापूरकर
अंडी-दूध सुरू केलंय. मेसच्या मावशींना घट्ट आमटी मागितली, तर म्हणाल्या महिन्याला ३०० जादा. रुपये, कॅलरी नाही.

वऱ्हाडी_ठोंब्या
दे ना बे. गूळ नका टाकू म्हणा फक्त.

पेठेतला_जिमकर
गुळाशिवाय तिला आमटी म्हणत नाहीत.