हीट स्ट्रेसला मराठीत काय म्हणावं? ('ताण' अडचणीत आलाय)

कातरवेळ : टोमॅटो उत्पादकांसाठीची एक पुस्तिका मराठीत करतेय. पानोपानी हीट स्ट्रेस. मी सरळ 'उष्णतेचा ताण' लिहून मोकळी झाले. मसुदा ओळखीच्या एका मोसंबी बागायतदारांना वाचायला दिला, तर त्यांचा पहिला प्रश्न, "ताण तोडायचा कधी, ते कुठं दिलंय?" त्यांच्या लेखी ताण म्हणजे बहारासाठी पाणी तोडणं; तो आपण झाडाला देतो आणि बसला की खूश होतो. मला सांगायचंय ते भलतंच : दिवसा पारा पस्तिशीपार गेला आणि रात्रही उबदार राहिली की टोमॅटोचा पराग निकामी होतो. फुलं येतात आणि गळतात, ठिबक चालू असलं तरी. शिवाय मुळांभोवतीची माती तापते, ते वेगळंच. दोन्हींना शब्द सुचवा.

यमन कल्याण : ताणात वाईट काय आहे? परीक्षेचा ताण म्हणतो तेव्हा कुणी पाणी तोडतं का? संदर्भानं कळतं. यामिकीवाल्यांचं (मेकॅनिक्सवाल्यांचं) स्ट्रेससाठी 'प्रतिबल' आहेच, पण 'उष्णता-प्रतिबल' वाचून टोमॅटो आधीच गळतील.

वऱ्हाडी ठेचा : नाही कळत, साहेब. आमच्याकडे संत्र्याचा अंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबर-जानेवारीत पाणी बंद. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात, तेव्हा म्हणायचं 'ताण बसला'. मग खत-पाणी देऊन ताण तोडला की फूल फुटतं. हलक्या जमिनीत लवकर बसतो. भारी काळीत बसता बसत नाही, म्हणून लोक वाढ रोखणारं सीसीसी फवारतात. ताण विकत घेणारी माणसं आम्ही! त्यांना 'ताणामुळे नुकसान' सांगाल तर म्हणतील, कमी पडला असेल.

'माती तापते' हेही जपून लिहा. उन्हाळी नांगरट करून ढेकळं वैशाखात तापू द्यायची, म्हणजे किडींचे कोष उघडे पडून मरतात. आमचे आजोबा रोहिणीत पाऊस आला तर "जमीन तापलीच नाही यंदा" म्हणून हळहळायचे.

शुद्धमती : कुणीतरी 'उष्माघात' सुचवेलच, म्हणून आधीच सांगते : ऊष्मा, दीर्घ ऊ. श-ष-सला आपण ऊष्म वर्ण म्हणतो, उष्म नव्हे.

काळी कसदार : लिहा कसाही, चालणार नाही. मराठवाड्यात आमच्याकडं 'घात' म्हणजे वाफसा, पेरणीजोगी ओल. "घात आली, तिफण काढा" म्हणतात. उष्माघात वाचून कुणी पेरायला निघायचा.

यमन कल्याण : 😀 मग शेतकरी पेपरात उष्माघाताची बातमी वाचून बियाणं आणायला जातो का?

काळी कसदार : माणसाला झाला की कळतं. झाडाला झाला म्हटलं की नाही कळणार. माणसाच्या ताणालाही तोच न्याय लावा की, तुमचं परीक्षेचं उदाहरण तिथंच पडलं.

तापीकाठ : 'करपणे' कुणी सुचवू नका. केळीत करपा म्हणजे बुरशीचा रोग. 'उष्णतेनं करपते' लिहिलंत की माणूस बुरशीनाशक आणायला जाणार. रावेर-यावलकडे मे महिन्यात पानं फाटतात, होरपळतात, घड सटकतात. लोक बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावतात, ते झळ अडवायला. म्हणून माझं मत 'झळ'. उन्हाची झळ लागली, झळ बसली, सगळं बोलता येतं.

पर्णरंध्र : झळ छान आहे, पण ती वाऱ्याची आणि दिवसाची. टोमॅटोचं निम्मं दुखणं रात्रीचं आहे. तिथं 'उकाडा' बसतो.

थोडं शास्त्र सांगतो, मग शब्द ठरवा. पाणी असलं की पानांची रंध्रं उघडी राहतात, वाफ बाहेर जाते आणि पान हवेपेक्षा थंडही राहू शकतं. पाणी संपलं की रंध्रं मिटतात आणि पान तापतं. म्हणून शेतात तहान आणि ऊन एकत्रच दिसतात. भोपळ्याचा वेल दुपारी मान टाकतो आणि सांजेला उचलतो, तेव्हा त्याची फार काळजी नको. पहाटेही मान खाली असेल तर पाणी खरंच कमी आहे. पराग मात्र पाणी असूनही मरतो, आणि कातरवेळताईंना तेवढंच वेगळं काढायचंय.

आणि झाड नुसतं सोसत बसत नाही. १९६२मध्ये इटलीच्या फेरुचिओ रितोसांकडे ऊबपेटीचं तापमान चुकून वाढलं आणि फळमाशीच्या लाळग्रंथींतल्या गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले. त्यातून पुढं हीट शॉक प्रथिनं सापडली. ती वनस्पतींतही बनतात. उष्णतेनं विस्कटू लागलेल्या इतर प्रथिनांना ती सावरतात. थोडी उष्णता आधी सोसलेलं रोप नंतरची जास्त उष्णता झेलतं, तेही बरंचसं यांच्यामुळे. उजेड ओळखणारं फायटोक्रोम बी हे प्रथिन रात्रीची ऊबही मोजतं, हे तर २०१६मध्ये कळलं. म्हणजे 'आघात' म्हटलं तर अर्धीच गोष्ट सांगून होते.

कातरवेळ : वा! आणि मातीसाठी?

पर्णरंध्र : 'धग'. मे महिन्यात उघड्या काळ्या मातीचा वरचा थर साठीच्या घरात जातो. खाली उष्णता सावकाश उतरते, वीतभर खोल मातीचा पारा तिन्हीसांज उलटल्यावर चढतो. वर गार वाटायला लागतं तेव्हा मुळांना धग लागत असते. पाचटाचं आच्छादन त्यावर उपाय म्हणूनच करतात.

तापीकाठ : धग विस्तवाची. मातीत विस्तव कुठला?

नानबा : सगळे मुळावरच चुकताय. शेतकऱ्याचा 'ताण' हा ताणणे मधला नाहीच! ती तहान आहे. आमच्या गावात अजून "तान लागली" म्हणतात. झाडाला तान देणे म्हणजे तहानेलं ठेवणे. पुढं कुणा शिकलेल्यानं न चा ण केला. झालं, प्रश्न मिटला : पाण्याचा तो तान, उष्णतेचा तो ताण.

वऱ्हाडी ठेचा : नानबा, आमच्याकडे पाणीसुद्धा पानी होतं. आम्ही दोन्ही तानच म्हणतो. आमची साक्ष काढू नका.

रापण : गोव्यात 'तान लागल्या' म्हणजे तहानच लागली, आणि न स्वच्छ दंत्य. आम्ही न-ण घोळत नाही. नानबांच्या बाजूनं एक मत.

शुद्धमती : उलट आहे, रापण, तुमचं मत नानबांच्या विरुद्ध जातं. तृष्णाचं प्राकृतात तण्हा झालं, मराठीत ण्हचा न्ह झाला, म्हणून तहान. उष्णचं उण्ह, त्याचं ऊन, आणि तो ह 'उन्हात' म्हणताना परत येतो. कृष्णाचा कान्हा तसाच. या वाटेनं आलेला शब्द न घेऊनच येणार. ताणाचा ण तन् (ताणणे) धातूच्या घरचा आहे.

नानबा : धातू पुस्तकात असतात, बाग रानात असते. मोसंबीला पाणी तोडून तुम्ही काय ताणता? दोरी?

यमन कल्याण : मूळ प्रश्न टोमॅटोचा होता असं अंधुक आठवतं.

कातरवेळ : हो, आणि मजकूर सोमवारी द्यायचाय. दिवसाला झळ, रात्रीला उकाडा, मातीला धग असं करू का? की तीन शब्द म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्याला नसता घोर?

नानबा : शुद्धमतीताई, मग तृणाचं तण कसं झालं? तिथं ण टिकला ना?

शुद्धमती : तिथं ष्ण नाहीच, नुसता ण आहे. तो टिकणारच.

काळी कसदार : तणावरून आठवलं. हराळी आणि दूर्वा एकच का हो? आमच्याकडं बांधावरची ती हराळी, गणपतीला वाहिली की दूर्वा. परवा नर्सरीवाला म्हणाला, दोन्ही वेगळ्या.

रापण : एकच. नर्सरीवाल्याला विकायची असेल.

तापीकाठ : एकच कशी? दूर्वेला तीन पानं लागतात!