१२००० च्या दगडानंतर वस्तरा उलट बोचायला लागला, दगड सपाट नाही की माझा हात चुकतोय?

उघडं_पातं
नमस्कार मंडळी. आठेक महिने झाले उघड्या वस्तऱ्याने दाढी करतोय आणि धारही घरीच लावतो. आत्तापर्यंत १०००, ४०००, ८००० चे दगड (आकडा मोठा तितका दगडाचा कण बारीक) आणि मग चामड्याचा पट्टा एवढंच होतं, गालावर छान चालायचं पण हनुवटीखाली जरा ओढल्यासारखं व्हायचं, म्हणून शेवटच्या हातासाठी नानिवा या जपानी कंपनीचा १२००० वाला सुपरस्टोन घेतला. खोक्यातून काढला, पाणी शिंपडलं आणि थेट वस्तरा फिरवला, ५०-६० फेऱ्या. आता झालंय असं की पात्याचं टोक आणि मुठीकडची बाजू एकदम मस्त लागलीय, पण मधला दीडेक इंच भाग आहे तसाच, आणि दाढी करताना बोचतो. लूपखाली (छोट्या भिंगाखाली) बघितलं तर मध्ये अजून ८००० चेच ओरखडे दिसतायत. नवा दगड सपाटच असतो ना? की दाब कमी पडतोय?

पाणी_पोलाद
दाब अजिबात वाढवू नका, पहिलं हेच सांगतो. शेवटच्या दगडावर पात्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त दाब दिला की पातळ धार वाकते आणि ती दगडावरून सरकते, घासली जात नाही.

तुमचं वर्णन वाचून मला तरी दगड आडवा खोलगट वाटतोय. नवा दगड सपाट असेलच असं नाही, बरेचदा भाजताना किंवा सुकताना किंचित वाकलेला असतो. स्टीलची फूटपट्टी दगडावर उभी धरा आणि उजेडाकडे बघा, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. रुंदीतली फट नीट बघा कारण वस्तऱ्यासाठी तीच महत्त्वाची. लोक लांबीच्या खड्ड्याचीच काळजी करत बसतात, पण हिशोब करून बघा, २०० मिमी लांबीत मध्ये ०.२ मिमी खोल असेल तर वस्तऱ्याच्या पाठीपासून धारेपर्यंतच्या १८-२० मिमीत त्याचा फरक दोनेक मायक्रॉन पडतो, कोनावर जवळजवळ काहीच नाही. याउलट ७० मिमी रुंदीत मध्ये ०.०५ मिमी जरी खोल असेल तरी आडवं ठेवलेलं पातं दोन्ही कडांवर टेकतं आणि मधली धार हवेत राहते. तुमच्या टोकाला आणि मुठीकडे धार आली, मध्ये नाही, ते यामुळेच.

सपाट करायला माझी पद्धत: दगडावर पेन्सिलने चौकटी आखायच्या, नळाखाली ४०० ची डायमंड प्लेट (हिऱ्याचे कण बसवलेली सपाट पट्टी) हलक्या हाताने फिरवायची, चौकटी सगळीकडून गेल्या की पुन्हा आखायच्या. सलग तीन वेळा सगळ्या रेघा एकदमच जायला लागल्या की झालं. मध्ये रेघा उरल्या तर खड्डा आहे, कडांना उरल्या तर मध्ये फुगवटा. पाणी भरपूर ठेवा, नाहीतर प्लेट दगडाला अशी चिकटते की सोडवताना दमछाक होते. आणि शेवटी चारी कडा तिरप्या मारून घ्याच. धारदार कडेवरून एक्स स्ट्रोक (पातं तिरकं ओढत नेणारी फेरी) घेताना धारेला दात पडतो, मी एक चांगला वस्तरा असा घालवलाय आणि तो परत १००० पासून करावा लागला.

घोटीव
वरचं सगळं पटतं, फक्त प्लेटबद्दल थोडं. नवीन डायमंड प्लेट असेल तर ती आधी एखाद्या जाड्याभरड्या दगडावर थोडी वापरून घ्या, सुरुवातीला सैल कण सुटतात. ३२५ च्या प्लेटचा कण ४५ मायक्रॉनच्या आसपास असतो आणि तुमच्या दगडाचं काम एक मायक्रॉनच्या घरातलं, असा एक कण जरी दगडात रुतून बसला तरी प्रत्येक फेरीला धारेवर रेघ ओढणार आणि तुम्ही दिवसभर शोधत बसाल. त्यामुळे सपाट करून झालं की दगड, प्लेट, हात आणि खालचं फडकं, सगळं वाहत्या पाण्यात धुवायचं. लाज वाटेल इतकं धुवायचं.

प्लेट नसेल तर जाड काचेवर वॉटर पेपर चालतो पण कागद पूर्ण चिकटलेला हवा, दगडापुढे कागदाला लाट आली की दगडाची टोकं झिजतात आणि मध्ये फुगवटा येतो. आणि दोन दगड एकमेकांवर घासून दोन्ही सपाट होतील या भरवशावर राहू नका, एक खोलगट आणि दुसरा तेवढाच फुगीर होऊनही दोघं एकमेकांवर छान बसतात. तीन लागतात, आलटून पालटून, व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८४० मध्ये लोखंडी प्लेटांसाठी हेच मांडलं होतं.

पुढेमागे अर्कान्सास (अमेरिकेतला धार लावायचा नैसर्गिक दगड) घेतलात तर मात्र त्यावर डायमंड प्लेट घालू नका, तो इतका कडक की प्लेटच गुळगुळीत होते. तिथे सिलिकॉन कार्बाइडची सुटी पावडर.

पाणी_पोलाद
बरोबर, अर्कान्सासचं मी विसरलोच. माझी एक प्लेट तशीच गेली.

संथ_हात
मी दगडाबद्दल नाही, नंतरबद्दल बोलतो, कारण दगड सपाट झाला म्हणजे धार आली असं नाही. १२००० चा दगड फार थोडं पोलाद काढतो, त्यामुळे ८००० वर राहिलेली चूक तो पुसत नाही. आधी ८००० पण तपासा, तो जास्त वापरलाय म्हणजे तो जास्त झिजला असणार! दोन्ही दगड एकाच दिवशी सपाट करा, नाहीतर एक खोलगट एक सपाट, आणि प्रत्येक दगड धारेच्या वेगळ्याच भागाला लागणार.

मग ८००० वर सगळ्या धारेवर एकसारखी चमक येईपर्यंत थांबा आणि तेव्हाच १२००० वर जा. तिथे पाण्याकडे बघत राहायचं. धार नीट टेकत असेल तर पुढचं पाणी धारेवर चढून पात्यावर येतं, टोकापासून मुठीपर्यंत एकसारखं. जिथे पाणी नुसतं खालून निघून जातं तिथे धार टेकत नाहीये. लूपच्या आधी मला हेच कळतं. २५-३० फेऱ्या, शेवटच्या दहा तर जवळजवळ पातं धरलंच नाही अशा. आणि हा दगड भिजत घालू नका, शिंपडलेलं पाणी पुरतं, नंतर सावलीत आडवा वाळवा, उन्हात ठेवला तर वाकतो किंवा तडकतो.

उघडं_पातं
सगळ्यांचे मनापासून आभार. फूटपट्टी लावली, रुंदीत मध्ये सरळ उजेड दिसला!! आणि ८००० तर त्याहून वाईट, इतके दिवस त्यावर कसं काय जमत होतं कोण जाणे. दोन्ही चौकटी आखून केले, ८००० ला सात वेळा आखावं लागलं, १२००० ला चार. कडा मारल्या, सगळं धुतलं. पाण्याचं जे सांगितलंत ते पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसलं, आधी मध्ये पाणी तसंच खालून जायचं आणि मी त्याकडे लक्षच देत नव्हतो.

आज सकाळी दाढी केली. हनुवटीखालचं ओढणं गेलं. टोकाला अजून अर्धा सेंटिमीटर जरा खरखर आहे, तिथे पातं किंचित वर वळलेलं आहे बहुतेक.

संथ_हात
मग तो दगडाचा दोष नाही. हसऱ्या पात्याला (ज्याची धार टोकाकडे वर वळते) फेरी संपताना मूठ अगदी किंचित उचलत न्यायची म्हणजे टोक टेकतं. फेऱ्या १२००० वरच वाढवा, ८००० वर परत जायची गरज नाही असं वाटतं. पाणी टोकाशी चढतंय का तेवढं बघा आणि कळवा.