माहितीपर लेखन मुलांनी स्वतः तपासावं, यासाठी तुम्ही काय करता? (तिसरी ते पाचवी)

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. चौथीला भाषा शिकवते. गोष्ट लिहा म्हटलं की वर्ग रंगात येतो, पण 'मुंगीबद्दल माहिती लिहा' म्हटलं की सगळ्या वह्यांत थोड्याफार फरकाने हेच येतं:

"मुंगी हा एक छोटा कीटक आहे. मुंगीला सहा पाय असतात. मुंगी खूप मेहनती असते. ती रांगेत चालते. मुंगी लाल आणि काळी असते. आपण मुंगीसारखं मेहनती व्हायला हवं. मला मुंगी खूप आवडते."

यात चूक म्हणावी असं काही नाही आणि वाचावं असंही काही नाही. मुलांनी आपलं लेखन आपण तपासावं म्हणून दहा मुद्द्यांची यादी करून दिली आहे. विषय स्पष्ट आहे का, माहिती पुरेशी आहे का, शेवट नीट झाला आहे का, शुद्धलेखन पाहिलं का वगैरे. दहाच्या दहा चौकटींत बरोबरच्या खुणा करून कागद लगेच माझ्या टेबलावर. वह्या अदलाबदल करून तपासायला दिल्या तर शेरे येतात 'छान' आणि 'अक्षर सुधार'.

काय राहिलंय ते मुलाला स्वतःला दिसावं आणि दुसरा खर्डा म्हणजे पहिल्याची सुवाच्य प्रत नसावी, एवढीच अपेक्षा आहे. वर्ग मोठा असल्यामुळे प्रत्येकाशेजारी बसणं शक्य नाही. तुम्ही काय वापरता?

---

तिरकी_रेघ

यादीतले प्रश्न बदला. 'माहिती पुरेशी आहे का?' याला मूल हो म्हणणारच. त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं त्याने लिहिलेलं असतं! बेरायटर आणि स्कार्डामालिया या लेखनप्रक्रियेच्या अभ्यासकांनी 1987 साली नेमकं हेच मांडलं होतं: नवखा लेखक विषयाबद्दल जे आठवेल ते आठवेल त्या क्रमाने कागदावर उतरवतो, आणि आठवणं संपलं की लेखन संपतं. वाचणाऱ्याला काय हवंय हा विचार मधे येतच नाही.

म्हणून प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर मजकुरात बोट ठेवूनच देता येईल. मी रंगीत पेन्सिली वापरते. खरी-खोटी तपासता येईल अशा माहितीखाली निळी रेघ. 'कसं', 'का' किंवा 'उदाहरणार्थ' सांगणाऱ्या वाक्याखाली हिरवी. स्वतःच्या मताखाली पिवळी.

तुमच्या मुंगीला लावून बघा. चार निळ्या, तीन पिवळ्या, हिरवी एकही नाही. हे मुलाला सांगावं लागत नाही, पानच सांगतं. 'मेहनती' निळं की पिवळं यावर वर्गात भांडण होतं, ते होऊ द्या. कशावरून मेहनती, असं कुणीतरी विचारतंच, आणि मग 'स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी जड दाणा ओढून नेते' हे वाक्य बाहेर येतं. ते 'मेहनती'पेक्षा दसपट कामाचं.

दुसऱ्या खर्ड्यासाठी सूचना एकच: कुठल्याही दोन निळ्यांच्या मागे एकेक हिरवं वाक्य जोडा. 'ती रांगेत चालते'च्या मागे 'कारण पुढची मुंगी जमिनीवर वास सोडत जाते आणि मागच्या मुंग्या मिशांनी तो वास ओळखतात' आलं की परिच्छेद एकदम उभा राहतो.

---

शंकेखोर

रंगांची कल्पना कागदावर झकास आहे. प्रत्यक्षात अर्धा तास पेन्सिलींना टोक करण्यात जातो, आणि निम्म्या मुलांना नुसती रेघ ओढायची नसते, पूर्ण ओळ रंगवायची असते. :)

माझा उपाय साधा आहे. जोडीदाराने लेख वाचायचा आणि उत्तर लेखात सापडत नाही असे दोन प्रश्न समासात लिहायचे. 'छान' लिहायचं नाही, 'अक्षर' हा शब्द तर बंदच. फक्त प्रश्न. लेखकाने दोनपैकी निदान एकाचं उत्तर दुसऱ्या खर्ड्यात योग्य जागी घालायचं. 'योग्य जागी' यावर मी हट्टी आहे, नाहीतर सगळी उत्तरं शेवटी एका रांगेत चिकटवलेली असतात.

एक सावधगिरी बाळगा. जोडीदाराला विषय आधीच ठाऊक असेल तर त्याला प्रश्न पडत नाहीत. म्हणून दोघांना वेगवेगळे विषय द्या. अख्ख्या वर्गाला मुंगी दिलीत तर वाचक मिळणार नाही, तपासनीस मिळेल.

---

तिरकी_रेघ

@शंकेखोर, वेगवेगळे विषय पटलं. रंगांबाबत म्हणाल तर पहिल्या वेळी गोंधळ होतोच. नंतर एकच रंग, हिरवा, पुरतो.

---

जुनी_वही

दोघांच्याही युक्त्या वापरल्या आहेत, चालतात. पण त्याच्या आधीची पायरी राहतेय. चांगलं माहितीपर लेखन कसं दिसतं हे ज्याने पाहिलंच नाही, तो स्वतःचं कशाशी ताडून बघणार? मूल्यमापनाचे अभ्यासक रॉइस सॅडलर यांनी 1989 साली सुधारणेसाठी तीन गोष्टी लागतात असं म्हटलं होतं: अपेक्षित दर्जा कळणं, आपलं काम त्याच्याशी ताडता येणं, आणि मधली फट बुजवायला काहीतरी करता येणं. आपण यादी हातात देतो तेव्हा पहिली गोष्ट झाली आहे असं गृहीत धरून चालतो.

एकाच विषयावर दोन छोटे नमुने मी स्वतः लिहून आणते. वर्गातल्या मुलाची वही यासाठी कधीच घेऊ नका, नाव झाकलं तरी अक्षरावरून ओळखतात. एक नमुना लांबलचक, सुबक, आणि पोकळ: 'चंद्र खूप सुंदर दिसतो, सगळ्यांना आवडतो' या वळणाचा. दुसरा चार-पाच ओळींचा, पण भरीव: चंद्राला स्वतःचा उजेड नाही, सूर्याचा उजेड त्याच्यावरून परततो, तो पृथ्वीभोवती फिरतो तसतसा उजळलेला भाग आपल्याला कमी-जास्त दिसतो, म्हणून कला दिसतात. 'कुठला चांगला?' विचारलं की बहुतेक हात लांबलचक नमुन्यासाठी वर जातात. मग म्हणायचं, 'बरं, पहिला वाचून चंद्राबद्दल नवीन काय कळलं ते सांगा.' वर्ग गप्प. तिथून खरी चर्चा सुरू होते.

त्या चर्चेत मुलांच्या तोंडून जे निकष येतात तेच भिंतीवर लावायचे, त्यांच्याच शब्दांत. माझ्या वर्गातल्या तक्त्यावर 'नुसतं सांगितलंय, समजावलेलं नाही' असा एक निकष आहे. एवढं नेमकं मला सुचलं नसतं. एका वेळी तीनच निकष ठेवा. दहा म्हणजे शून्य.

आणि फार उत्कृष्ट नमुना आणू नका. मुलाला वाटायला हवं की एक पाऊल टाकलं तर मी तिथे पोचेन.

---

घरचा_अभ्यास

शिक्षक नाही, पालक आहे, मधेच घुसतोय. मुलगी तिसरीत आहे. माहिती लिहायची म्हटलं की नेटवरून जशीच्या तशी उतरवते. 'तुझ्या शब्दांत लिही' म्हणून थकलो. ती चार शब्द इकडेतिकडे करते आणि म्हणते झाले माझे शब्द. याचं मूल्यमापन तिने स्वतः कसं करावं?

---

जुनी_वही

@घरचा_अभ्यास, 'तुझ्या शब्दांत' ही सूचना मोठ्यांनाही जमत नाही हो. वाचण्याआधी तिला स्वतःचे तीन-चार प्रश्न लिहू द्या: हे कुठे राहतं, काय खातं, शत्रूपासून कसं वाचतं. मग प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शोधायचं, आणि टिपण दोन-तीन शब्दांतच. पूर्ण वाक्य टिपायला बंदी. स्क्रीन बंद. टिपणाकडे बघत आधी तुम्हाला तोंडी सांगायचं, मग लिहायचं. वाक्य आपोआप तिचं होतं, कारण उतरवायला समोर वाक्यच नसतं.

तपासणीसाठी तिला म्हणा, 'ज्या शब्दाचा अर्थ तुला सांगता येत नाही त्याला गोल कर.' उतरवलेल्या मजकुरात गोलच गोल होतात. मग तो शब्द समजून घ्यायचा किंवा काढून टाकायचा.

---

लाल_शाई

सगळं वाचलं. माहिती, रंग, प्रश्न ठीक. पण शुद्धलेखनाबद्दल कुणीच बोलत नाहीये. पाचवीतली मुलं 'आणि'चा णि दीर्घ काढतात आणि आपण हिरवी वाक्यं मोजत बसायचं? आज सोडून दिलं तर पुढे कोण दुरुस्त करणार?

---

शंकेखोर

सोडून कुणी देत नाहीये, क्रमाचा प्रश्न आहे. जे वाक्य पुढच्या खर्ड्यात राहील की जाईल ठाऊक नाही, त्यातली वेलांटी आधी कशाला दुरुस्त करायची? शिवाय पहिल्याच वाचनात पान लाल झालं की मूल धोका पत्करत नाही. 'वास ओळखतात' ऐवजी 'रांगेत चालते' लिहितं, कारण तेवढं बिनचूक लिहिता येतं.

आशय आणि क्रम पक्का झाला की शुद्धलेखनाची वेगळी फेरी घ्या. त्यातही प्रत्येकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्याच नेहमीच्या चुकांची छोटी यादी असावी. कुणाचा ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ, कुणाचा पूर्णविरामच हरवलेला. स्वतःची यादी घेऊन वाचताना आणि सगळ्या चुका शोधताना फार फरक पडतो. शेवटच्या वाक्यापासून उलट वाचायला सांगा. अर्थाच्या ओघात नजर घसरत नाही.

---

लाल_शाई

उलट वाचनाचं करून बघीन. वेगळी फेरी हा मुद्दा मान्य, फक्त ती खरंच घेतली जावी. बहुतेक वेळा तास संपतो आणि तीच राहते.

---

तिरकी_रेघ

गुणांबद्दलही बोलूया. पहिल्या खर्ड्यावर गुण देऊ नका. रूथ बटलर यांनी 1988 साली पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला प्रयोग शिक्षकांमध्ये बराच सांगितला जातो. काहींना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेल्यांची कामगिरी सुधारली. गंमत म्हणजे गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. आकडा दिसला की पुढचं कोण वाचतंय!

शाळेला गुण लागतातच, तेव्हा ते दुसऱ्या खर्ड्याला द्या. पहिल्यावर दोनच ओळी लिहा: काय जमलं ते नेमकं, आणि एक प्रश्न. 'वासाचं वाक्य वाचून मला रांग समजली. वाट पुसली गेली तर मुंग्या काय करतात?' एवढं पुरे.

---

पाटीपेन्सिल

वाचनखूण साठवली. यादी बाद. चंद्राचे दोन नमुने, मग वेगवेगळे विषय आणि समासातले प्रश्न असं ठरवतेय, रंग पुढच्या टप्प्यात.

दोन शंका उरल्या. दोनच ओळी लिहून थांबणाऱ्या मुलांचं काय? त्यांच्याकडे तपासण्यासारखं काही नसतंच. आणि 'पुन्हा लिहा' म्हटलं की वर्गातून जो सुस्कारा येतो त्याचं काय?

---

जुनी_वही

दोन ओळीवाल्यांना आधी बोलतं करा. जोडीदाराला सांगू दे, जोडीदाराने ऐकताना नुसते मुद्द्यांचे शब्द टिपायचे आणि तो कागद सांगणाऱ्याला द्यायचा. बरेचदा मूल बोलतं भरपूर, हाताला लिहायचा कंटाळा असतो. बोलायलाही काही नसेल तर माहितीच कमी आहे. तिथे लेखनाचा उपाय नाही, आधी वाचू द्या किंवा निरीक्षण करू द्या.

सुस्काऱ्यावर उपाय म्हणजे पुन्हा लिहायला लावूच नका. पहिला खर्डा एक ओळ सोडून आणि पानाच्या एकाच बाजूला लिहून घ्यायचा. नवं वाक्य मधल्या रिकाम्या ओळीत, मोठं असेल तर चिठ्ठीवर लिहून तिथे चिकटवायचं. परिच्छेदांचा क्रम चुकला असेल तर कात्रीने तुकडे करून जागा बदलायच्या. बाण, खाडाखोड, चिकटवलेल्या पट्ट्या सगळं चालतं. सुवाच्य प्रत फक्त भिंतीवर लावायच्या किंवा कुणाला द्यायच्या लेखाची, तीही ज्याला हवी त्याने.

---

शंकेखोर

+१. आणि कात्री वर्गात आणायच्या दिवशी पट्ट्यांवर आधीच नाव लिहून घ्या. एकाची मुंगी दुसऱ्याच्या चंद्रावर सापडते.