पाच जण, माळ्यावरचे पाच स्केटबोर्ड, एक रविवार: सीएसएमटी ते कार्टर रोड जमेल का?

माळ्यावरचा_बोर्ड
डिसेंबरातला एक रविवार ठरलाय. पाच जण, सगळे ४२ ते ४५ चे. कॉलेजात सगळेच चालवायचे, त्यानंतर कोणीच नाही. बेत असा: सीएसएमटीला उतरून बॅलार्ड इस्टेट, तिथून चर्चगेट, मरीन ड्राइव्ह, मग लोकलने वांद्रे आणि शेवटी कार्टर रोडचा स्केटपार्क. बोर्ड तेव्हाचेच आहेत, चाकं ५२ मिमी, ९९ए (हे कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं चाक कडक). काय बदलावं, काय राहू द्यावं? आणि वेळा कशा बसवाव्यात?

तेराचा_पाना
आधी डेक, म्हणजे उभं राहायची लाकडी फळी. शेपटीचं टोक फरशीवर आपटून बघा. टणक, कोरडा आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर पावसाळ्यांची ओल प्लायच्या थरांत शिरलेली आहे, तो डेक भिंतीवर टांगा. कडेला थर सुटलेले दिसले तरी तेच.

बुशिंग (ट्रकमधल्या, म्हणजे फळीखाली चाकांचा आस धरणाऱ्या धातूच्या भागातल्या, त्या दोन रबरासारख्या कड्या) न बघता बदला. इतक्या वर्षांनी ते कडक होऊन चिरतात. नखाने दाबून बघा, चीर उघडते. चिरलेलं बुशिंग वळताना एकदम बसतं आणि बोर्ड एका बाजूला ओढतो. नवीन घेताना ९० ए च्या आसपासचं घ्या. वजन ८० किलोच्या वर असेल तर थोडं कडक.

बेअरिंग ६०८ मापाचं: बाहेरून २२ मिमी, आतून ८, जाडी ७. एका चाकात दोन, बोर्डाला आठ. म्हणजे पाच बोर्डांना चाळीस, दोन-चार जास्तीची ठेवा. गंजून करकरत असतील तर धूत बसू नका. नुसती कोरडी असतील तर झाकण काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा, मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. डब्ल्यूडी-४० मारून निघू नका, ते लगेच उडून जातं आणि बेअरिंग पुन्हा कोरडं.

पान्यांचा घोळ प्रत्येकाचा होतो. स्केटबोर्डचे नट इंचातले. चाकाचा नट अर्ध्या इंचाचा, त्याला १३ मिमीचा पाना चालतो. डेकच्या बोल्टचे नट ३/८, त्यांना १० चा. पण किंगपिनचा (ट्रकच्या मधल्या जाड बोल्टचा) नट ९/१६ आहे: १४ चा बसतच नाही आणि १५ चा सैल बसून कोपरे गोल करतो. तिन्ही मापांचं टी-आकाराचं स्केट टूल मिळतं, पाच जणांत एक पुरे.

चाकाचा नट आवळून झाला की पाव आटा मागे घ्या. चाक कडेकडेने केसभर हललं पाहिजे. तो नट हाताने सहज फिरत असेल तर आतलं नायलॉन गेलेलं आहे. असा नट रस्त्यात गळतो.

पेव्हरब्लॉक_ग्रस्त
५२ मिमी ९९ए घेऊन मरीन ड्राइव्हवर गेलात तर फरशीचा प्रत्येक सांधा गुडघ्यात वाजेल. लहान कडक चाक खड्यावर जागीच थांबतं, माणूस पुढे जातो. ही चाकं गुळगुळीत काँक्रीटसाठीच.

एकाच दिवसात दोन्ही करायचं तर ५६ ते ५८ मिमी, ७८ए ते ८०ए. पार्कमध्ये घसरणार नाहीत, पण फिरायला काहीच अडचण नाही, आणि या वयात पॉवरस्लाइड (बोर्ड आडवा करून चाकं घसरवणं) कोण मारतंय! मोठं चाक लावलं की वळताना डेकला घासतं आणि बोर्ड जागच्या जागी थांबतो. म्हणून ट्रक आणि डेकमध्ये १/८ इंचाचा रायझर (उंची वाढवणारी पट्टी) घाला, बोल्ट सव्वा इंची. ६० मिमी लावणार असाल तर रायझर पाव इंच, बोल्ट दीड इंची. घरीच बोर्डवर उभं राहून दोन्ही बाजूंना पूर्ण झुका. डेकच्या खाली काळा डाग उमटला तर उंची कमी पडतेय.

वेळ: डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, साडेसहाला सीएसएमटीला असा. बॅलार्ड इस्टेट चालत जा, दहा-बारा मिनिटं. कचेऱ्यांचा भाग, रविवारी रस्ते रिकामे. पहिली चाळीस मिनिटं तिथेच घालवा: पाय मारणं, पायाने थांबणं, दोन्ही बाजूंना वळणं. हे जमल्याशिवाय पुढे निघू नका. मग हॉर्निमन सर्कलवरून वीर नरिमन रोड सरळ समुद्रापर्यंत जातो. हुतात्मा चौकात आणि चर्चगेटसमोर बोर्ड हातात.

त्या रस्त्याने बाहेर पडलात की नरिमन पॉइंट डावीकडे राहतो. तिथपासून गिरगाव चौपाटीपर्यंतचे पूर्ण ३.६ किलोमीटर हवे असतील तर आधी डावीकडे जाऊन या. गर्दी, थांबे धरून पाऊण तास. फिरणाऱ्यांची वाट त्यांचीच, मागून ओरडत जायचं नाही. पोलिसांनी उतरा म्हटलं तर उतरायचं, वाद नको. चौपाटीच्या वाळूच्या बरंच आधी थांबा. वाळू एकदा बेअरिंगमध्ये गेली की दिवस संपला.

आणि कठड्याजवळ उड्या मारू नका. निसटलेला बोर्ड एक तर टेट्रापॉडमध्ये (कठड्याबाहेरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत) जातो नाही तर गाड्यांखाली. टेट्रापॉडमध्ये गेला तर तिथेच सोडा, उतरू नका.

परत मरीन लाइन्सपर्यंत या. धोबीतलावला कयानी हा इराणी कॅफे १९०४ पासून आहे, बन-मस्का आणि बसायला खुर्ची.

सांताक्रूझ_स्लो
मार्ग छान, क्रम चुकला. पार्क शेवटी म्हणजे दमलेल्या पोटऱ्यांनी उतारावर चढणं. उभ्या पायाची पोटरी पहिली जाते, आणि ती गेली की गुडघा वाकत नाही, माणूस ताठ पडतो. सकाळी वांद्रे, मग दक्षिण मुंबई.

पेव्हरब्लॉक_ग्रस्त
मग मरीन ड्राइव्ह भर उन्हात? आणि उशिरा सकाळपासून समुद्रावरचा वाराही तोंडावर. त्यापेक्षा पार्क अर्ध्या तासाचा ठेवा.

माळ्यावरचा_बोर्ड
पार्क शेवटीच ठेवतो, फक्त सपाट भाग. पॅड सगळे घ्यावेत का? आणि पाच बोर्ड लोकलमध्ये?

सांताक्रूझ_स्लो
हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड सक्तीचे. पडताना हात पुढे जातोच आणि मनगट मोडतं. गुडघ्याचे पॅड सपाटावर नसले तरी चालतील, उतारावर हवेतच. सायकलचं हेल्मेट असेल तर कपाळावर घट्ट बसतंय ना ते बघा. एकदा जोरात आपटलेलं वापरू नका, आतला फोम परत फुगत नाही.

लोकलमध्ये बोर्ड उभा धरा, चाकं स्वतःकडे, वर कापडी पिशवी. फळीवरची ग्रिपटेप म्हणजे सँडपेपरच, शेजाऱ्याची पँट जाते. रविवारी रेल्वेचा दुरुस्तीचा ब्लॉक असतो, साधारण साडेदहा ते साडेतीन. कुठल्या मार्गावर ते शनिवारी बघून घ्या. वांद्र्याला पश्चिमेला उतरून रिक्षा, तीन अधिक दोन. बोर्ड मांडीवर, ग्रिपला ग्रिप लावून, नाही तर सीटचं रेक्झिन फाटतं.

तेराचा_पाना
घरी गेल्यावर बेअरिंग पुसून तेलाचा एक-एक थेंब, त्याच रात्री. दिवसभर खारी हवा लागलेली असते.