शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात असलेल्या मुलीला सावरण्यासाठी आम्ही काय करावे?

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

नमस्कार. माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र बंद करण्यासाठी एप्रिलच्या अखेरीस मुंबईत छाती उघडून शस्त्रक्रिया झाली. शाळेतील आरोग्य तपासणीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने तिच्या हृदयाच्या ठोक्यांतील वेगळा आवाज ओळखला आणि पुढची सगळी वाटही त्यांनीच दाखवली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली असे डॉक्टर सांगतात. आता ती अतिदक्षता विभागातून वॉर्डात आली आहे, परंतु तिचे वागणे पाहून आम्ही दोघेही धास्तावलो आहोत. ती आईशी बोलत नाही, परिचारिका जवळ आली की डोळे घट्ट मिटून घेते, तीन गोळ्यांच्या यंत्रावर श्वासाचा व्यायाम करायला नकार देते, आणि कधीच सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागली आहे. जेवण दोन घासांपलीकडे जात नाही.

लवकरच सुट्टी मिळेल. गावी मे महिन्याचे ऊन आहे, घरात भाऊबंदांचा मोठा गोतावळा आहे आणि आजी नातीला केळी व कळण्याची भाकरी खाऊ घालायला आतुर झाली आहे. रुग्णालयातील उरलेले दिवस आणि घरचे पहिले आठवडे कसे सांभाळावेत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

भुसावळची आई

दादा, माझ्या मुलाची हीच शस्त्रक्रिया तो सहा वर्षांचा असताना झाली, म्हणून आधी तिच्या अबोल्याविषयी लिहिते. अतिदक्षता विभागात दिवस आणि रात्र यांतला फरक मुलांना कळेनासा होतो, अंगाला नळ्या असतात, अनोळखी माणसे सतत हात लावतात, आणि ज्या आईने आजवर प्रत्येक दुखण्यापासून वाचवले तीच या वेळी काही करत नाही, असे मुलाला वाटते. त्यामुळे राग आईवर निघतो. माझ्या मुलाने माझ्याकडे पाठ फिरवली होती, तेव्हा मी त्याला बोलण्याचा आग्रह न करता नुसती पाय चोळत बसून राहायचे. अंथरूण ओले होणे, रात्री दचकून उठणे, लहान बाळासारखे चिकटून राहणे हे अशा अनुभवानंतर पुष्कळ मुलांत दिसते आणि बहुतेकांत काही आठवड्यांत ओसरते. त्यावरून तिला कुणीही रागावू नये, आणि पाहुण्यांसमोर तर तो विषय मुळीच काढू नये.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. "काही दुखणार नाही" असे तिला कधीही सांगू नका. सुई टोचणार असेल तर टोचेल, थोडा वेळ दुखेल आणि आई हात धरून बसेल, असे आधी सांगावे, कारण खोटे एकदा उघडे पडले की पुढच्या प्रत्येक तपासणीला मूल आधीपासूनच घाबरते. शक्य असेल तिथे निवड तिच्यावर सोपवावी: रक्त कोणत्या हातातून काढायचे, औषध आधी घ्यायचे की पाणी आधी प्यायचे. तिच्या शरीरावर तिचा थोडा तरी अधिकार उरला आहे, हे तिला जाणवू द्या. शिवाय तुम्ही गावी असाल तर ठरलेल्या वेळी व्हिडिओवर बोला आणि ती वेळ चुकवू नका.

वॉर्ड सिस्टर (मूळ शिरपूर)

मी लहान मुलांच्या शस्त्रक्रिया विभागात काम करते. छाती दुखते म्हणून मूल उथळ श्वास घेते, खोकला दाबून ठेवते, कफ साचतो, फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुलत नाही आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. यासाठीच तो व्यायाम महत्त्वाचा आहे. वेदनाशामक औषधाची वेळ आणि व्यायामाची वेळ यांचा मेळ सिस्टरांकडून घालून घ्या, म्हणजे औषध दिल्यानंतर साधारण अर्ध्या तासाने व्यायाम होईल. यंत्रातून हवा आत ओढायची असते, पण बरीच मुले उलट फुंकतात आणि गोळ्या हलल्या नाहीत की हिरमुसतात. तिला साबणाचे फुगे किंवा भिरभिरे देऊन सुरुवात करा, कारण मोठी फुंकर मारण्यासाठी आधी खोल श्वास घ्यावाच लागतो. खोकताना लहान उशी छातीशी कवटाळायला शिकवा.

मधोमध कापलेले छातीचे हाड जुळून यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत तिला काखेत हात घालून उचलू नये आणि दंडाला धरून ओढून उठवू नये. एक हात पाठीमागे व दुसरा मांड्यांखाली घालूनच उचलावे, आणि घरातील प्रत्येक काका-मामांना हे प्रत्यक्ष करून दाखवावे, कारण लाडाने उचलणाऱ्यांकडूनच हाडाला झटका बसतो. समोर बटणे असलेले सुती फ्रॉक घ्या, म्हणजे हात वर करावे लागणार नाहीत. जखमेवर हळद, तेल किंवा राख लावू नये.

ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर जाणे, जखम लाल होणे किंवा तिच्यातून पाणी येणे, श्वास वाढणे, ओठ निळसर दिसणे, चेहरा किंवा पाय सुजणे, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पहिल्या काही आठवड्यांत हृदयाभोवती पाणी साचू शकते आणि त्याची सुरुवात कधी कधी नुसत्या तापाने, छातीत दुखण्याने व मंदावलेल्या भुकेने होते.

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

ताई, आपले दोघींचे मनापासून आभार. हे सगळे आज पत्नीला वाचून दाखवले. केळ्यांचे काय करावे? तिला लघवी वाढवणारे औषध चालू आहे. शिवाय भेटायला येणाऱ्यांना "येऊ नका" म्हणणे आमच्याकडे फार जड जाते.

वॉर्ड सिस्टर (मूळ शिरपूर)

केळ्याचा प्रश्न आपल्या भागात विचारायलाच हवा. फ्युरोसेमाइड हे औषध शरीरातून पोटॅशियम बाहेर टाकते, तर स्पायरोनोलॅक्टोन आणि एनालाप्रिल ही औषधे ते रोखून धरतात, आणि केळ्यात पोटॅशियम भरपूर असते. त्यामुळे कोणती औषधे एकत्र चालू आहेत यावर उत्तर अवलंबून आहे, आणि सुट्टीच्या कागदावर ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे. दिवसभरात पाणी किती द्यायचे हेही लिहून घ्या. खानदेशच्या उन्हात, लघवीचे औषध चालू असताना, जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या तर शरीर लवकर कोरडे पडते. अशा वेळी ते औषध चालू ठेवायचे की थांबवायचे हे स्वतः न ठरवता डॉक्टरांना लगेच फोन करावा. कळण्याची भाकरी थोड्या दिवसांनी द्या. आधी मऊ खिचडी, वरण-भात, अंडे चालत असेल तर अंडे, आणि तेही थोडे थोडे, पुन्हा पुन्हा.

पाहुण्यांना डॉक्टरांचा निरोप म्हणून सांगा: सर्दी-खोकला असलेल्याने येऊ नये, बाकीच्यांनी ओसरीवर बसून आई-वडिलांशी बोलावे. दोष डॉक्टरांच्या माथी गेला तरी चालेल.

दातांकडेही लक्ष असू द्या. छिद्र बुजवण्यासाठी ठिगळ बसवले असेल, तर पहिले सहा महिने दातावर उपचार करण्याआधी प्रतिजैविक द्यावे लागू शकते, म्हणून दंतवैद्याला शस्त्रक्रियेची माहिती आवर्जून द्यावी.

चोपड्याचे गुरुजी

जूनच्या मध्यावर शाळा उघडेल तेव्हा सहा-सात आठवडे झालेले असतील. डॉक्टरांनी परवानगी दिली तर सुरुवातीला अर्धा दिवस पाठवावे आणि दप्तर घरच्या कुणीतरी वर्गापर्यंत पोहोचवावे. मैदानावरचे खेळ, सायकल आणि झाडावर चढणे किती महिने बंद ठेवायचे, याची चिठ्ठी वर्गशिक्षकांच्या हाती द्या, कारण तोंडी सांगितलेले खेळाच्या तासाच्या शिक्षकांपर्यंत पोहोचत नाही. माझ्या वर्गात अशी एक विद्यार्थिनी होती. खेळाच्या तासाला तिला एकटीला वर्गात बसवण्याऐवजी आम्ही तिला गुण लिहिण्याचे काम दिले, आणि ती रोज आनंदाने मैदानावर येऊ लागली. शाळेत येण्याआधी मुलीला विचारून ठेवा की छातीवरच्या व्रणाबद्दल वर्गाला काय सांगायचे, आणि ती म्हणेल तेवढेच शिक्षकांनी सांगावे.