बेने इस्रायली (कोकणातले मराठी ज्यू) घर, वय २४. शिकायला सुरुवात कुठून करू?

ठाण्याची_लेक:
आजी जाऊन अकरा महिने होत आलेत, म्हणजे पप्पा तिच्यासाठी म्हणतात ते कद्दिश (गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना) आता संपेल. ते कागद बघून म्हणतात. हिब्रू शब्द, पण देवनागरीत लिहिलेले, अक्षर आजोबांचं. परवा विचारलं, "याचा अर्थ काय हो?" पप्पा म्हणाले, "देवाची स्तुती आहे." पुढचं त्यांनाही सांगता येईना.

आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा) दिवा लागायचा तो आजीमुळे. आता मीच लावते, पण बाकी कोरी पाटी. ऑफिसात "ज्यू म्हणजे पारशीच ना?" इथपासून सुरुवात. नेटवर बघावं तर सगळे अमेरिकेतले ज्यू, बेगल आणि डोनट. त्यात मी कुठेच नाही.

तर सल्ला हवाय: हिब्रू वाचायला कसं शिकू? माझ्या वयाची माणसं कुठे भेटतील? आणि माझ्या चुलतभावालाही यायचंय, पण त्याची आई (माझी काकू) हिंदू आहे. त्याला चालवून घेतील का? एक शनिवार सोडून एक शनिवार ऑफिस असतं, हेही लक्षात घ्या.

तेलघाणा:
ठाण्यात राहून विचारतेस? टेंभी नाक्याजवळ शार हश्शामायीम सिनेगॉग (आपलं प्रार्थनास्थळ) आहे, १८७९ पासून. शुक्रवारी संध्याकाळी जा. ओळखपत्र बरोबर ठेव, आणि आत जायच्या आधी फोन करून वेळ विचार. पहिल्यांदा सगळे "कुठले तुम्ही?" विचारतील. आडनावातलं गाव सांगितलंस की पुढचं काम त्यांचं, तासाभरात तुझी पणजी शोधून काढतील. एकदा जाऊन "कोणी बोललं नाही" म्हणू नकोस, चार शुक्रवार जा.

समवयस्कांसाठी मुंबईत जॉइंट या ज्यूंना मदत करणाऱ्या संस्थेचं केंद्र आहे. तिथे तरुणांचा गट असतो, सणांना सगळे जमतात. खरं सांगायचं तर निम्मे लग्नाचं स्थळ बघायला येतात. त्यालाही हरकत नाही.

मिसळ_पुणे:
अवांतर: मी ज्यू नाही. पण मस्जिद बंदरचं 'मस्जिद' हे सिनेगॉगवरून आलंय असं ऐकलंय, खरं का?

तेलघाणा:
तसं सांगतात खरं. शार हरहमीम, १७९६. सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेलं, मुंबईतलं पहिलं. आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची.

अश्दोदची_मावशी:
बाळ, मी चार वर्षांची असताना आईबाबांबरोबर इस्रायलला आले. मराठी अजून घरात आहे, चुका झाल्या तर सांभाळून घे. माझ्या मावशीचं लग्न ठरलं तेव्हा रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) कचेरीत तिला आजी-पणजीचे पुरावे मागितले. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवणारे आम्ही 'शनिवार तेली', आणि आम्हालाच विचारणा! आपली माणसं जेरुसलेमला आंदोलनाला बसली. १९६४ ला सरकारने जाहीर केलं की बेने इस्रायल सर्व बाबतीत ज्यूच आहेत. तुला कोणी "खरी ज्यू का?" विचारलं तर दचकू नकोस, एवढ्यासाठी सांगितलं.

हिब्रूचं म्हणशील तर आजोबांचा कागद टाकू नकोस. त्यातल्या ओळी तुझ्या कानात आहेतच. शेजारी हिब्रू छापलेला सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) ठेव आणि एकेक शब्द जुळव. मी नातवाला उलट्या बाजूने अशीच मराठी शिकवली. १८७४ साली पुण्यात छापलेली मराठी हग्गादाही (पेसाह सणाला वाचायचं पुस्तक) नेटवर शोध. चित्रांतल्या बायका आपल्यासारख्या जमिनीवर बसून पेसाहच्या भाकऱ्या करताहेत.

फुकटात दहा दिवस इस्रायल दाखवणारी बर्थराइटची सहलही आहे. वयाची अट २६, म्हणजे तुझ्याकडे दोन वर्षं आहेत. इथली परिस्थिती बघून मगच ये. त्यांना आईवडिलांपैकी एक ज्यू असला तरी चालतं, तेव्हा भावालाही घेऊन ये.

अर्धा_मासा:
भावाच्या बाबतीत मी बोलतो, कारण माझीही आई हिंदू, आणि पारंपरिक नियमाने ज्यूपण आईकडून येतं. एका सिनेगॉगमध्ये (नाव नको) नऊ पुरुष जमले होते, मी दहावा. मिन्यान (प्रार्थनेला लागणारे दहा ज्यू पुरुष) झालं असं मला वाटलं. हज्जानांनी (प्रार्थना म्हणवणाऱ्यांनी) माझ्याकडे बघून हसून मान हलवली आणि फोन काढला. वीस मिनिटांनी एक काका बनियनवर शर्ट चढवत जिना चढून आले, मग प्रार्थना सुरू. वाईट कोणीच वागलं नाही. नंतर चहाही मलाच आधी दिला. पण ती वीस मिनिटं मी पुस्तकात तोंड घालून काढली.

त्यामुळे भावाला आधीच सांगून ने: स्वागत होईल, मोजणी होणार नाही. (ठाण्याची_लेक, पारंपरिक ठिकाणी बाई म्हणून तुझीही होत नाही, हे विसरू नकोस.) दुसरा रस्ता म्हणजे ज्यूइश रिलिजियस युनियन. उदारमतवादी मंडळी, मुंबईत १९२५ पासून. सुरू करण्यात डॉ. जेरुशा झिराड होत्या, बाळंतपणाच्या नामांकित डॉक्टर, पद्मश्री. एका बाईने शंभर वर्षांपूर्वी हे केलं, हे मला कोणी लहानपणी का नाही सांगितलं?

तेलघाणा:
अर्धा_मासा, नियम मी केलेले नाहीत. पण तो फोन तुझ्यासमोर करायला नको होता. तेवढं चुकलंच.

अश्दोदची_मावशी:
आणि पोरी, पुस्तकाआधी मलिदा कर. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, वर पाच फळं. एलियाहू हन्नाबीचं (प्रेषित एलियाचं) नाव घ्यायचं आणि वाटायचं. अमेरिकेतल्या ज्यूंना हे माहीत नाही. चिकाचा हलवाही नाही. गव्हाचा चीक नारळाच्या दुधात आटवायचा, म्हणजे मटणाच्या जेवणानंतरही खाता येतो, मांस आणि दूध एकत्र खायचं नाही हा आपला नियम मोडत नाही. हात दुखेपर्यंत ढवळायचा, मग थाळीत थापायचा.

ठाण्याची_लेक:
सगळ्यांचे आभार. काल पप्पांबरोबर गेले होते. एका काकूंनी आडनाव ऐकलं आणि विचारलं, "तुझी आजी हलव्याला गुलाबी रंग घालायची ना?" घालायची! पप्पा तिथेच रडले, मला वाटलं कद्दिशला रडतील.

चुलतभाऊ म्हणतो, मोजा नाहीतर नका मोजू, गाडी मी चालवतो. पुढच्या रविवारी नवगावला (आपले पूर्वज इथेच किनाऱ्याला लागले असं सांगतात) जाऊन जुनी कबरस्तानं बघणार, तिथून अलिबागला. मलिदा डब्यातून नेणार. मावशी, पोहे जाडे की पातळ? पप्पांना आठवत नाही.

अश्दोदची_मावशी:
आमच्याकडे जाडे. पाणी नीट निथळू दे, नाहीतर अलिबागपर्यंत लगदा होईल.